महापालिकेची माहिती लिहायला बसण्याआधी

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा कारभार कसकसा बदलत गेला हे लिहायचं असेल, तर सगळ्यात आधी प्रभागांचा नकाशा मिळवा आणि त्यावर तिन्ही गावांच्या जुन्या हद्दी वेगळ्या रंगात ओढा. ९ फेब्रुवारी १९९८ ला ही गावं एका महापालिकेत आली. स्वातंत्र्यापूर्वी सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची वेगवेगळी संस्थानं होती, तर कुपवाडची आजची ओळख एमआयडीसीची. लोकसंख्येसाठी २०११ ची जनगणना घ्या: ५ लाखांच्या थोडी वर.

मग वहीत दोन रकाने आखा, एक निवडणुकीच्या निकालाचा, दुसरा महापौर निवडीचा. हे दोन्ही एकच समजून लिहिलेले लेख मला फार खटकतात. २०१८ मध्ये ७८ पैकी ४१ जागा घेऊन भाजप पहिल्यांदा सत्तेत आला. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच सभागृहात भाजपचे काही नगरसेवक फुटले आणि काँग्रेसच्या साथीनं राष्ट्रवादीचा महापौर ३९ विरुद्ध ३६ मतांनी निवडून आला. नुसता निकाल पाहिला तर हे कळतच नाही. म्हणून महापौर निवडीच्या सभेचं इतिवृत्त मागा. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर तो लवकर टाका, उत्तराला ३० दिवस लागू शकतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये मुदत संपली आणि थेट जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. मधला काळ प्रशासकाचा. त्याला वहीत वेगळं पान द्या, कारण महासभा आणि स्थायी समिती या दोघांचेही अधिकार तेव्हा एकट्या प्रशासकाकडे होते. अंदाजपत्रक, करवाढ, मोठी टेंडरं यांवर उघड चर्चा करायला निवडून आलेलं कुणीच नव्हतं. त्या काळातल्या ठरावांच्या नकला अवश्य काढा.

शेरीनाल्यावर एकदा स्वतः जा. सांडपाणी कृष्णेत जाण्याचा हा प्रश्न सगळ्या सत्ताधाऱ्यांच्या हाताखालून गेला आहे, त्यामुळे प्रत्येक कारकिर्दीत त्यावर किती खर्च झाला हे लेखापरीक्षण अहवालातून शोधा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या नोंदीही जवळ असू द्या.

मसुदा झाला की मिरजेतल्या आणि कुपवाडमधल्या एकेका माणसाला वाचायला द्या. सांगलीत बसून लिहिलेल्या मजकुरात कुपवाड दोन ओळींत उरकलेलं असतं, आणि ते त्यांना लगेच दिसतं.