भाड्याचं घर शोधताना स्वतःची माहिती जपून कशी द्यावी

घर आवडलं की माणूस घाईला येतो. "आणखी दोघं बघून गेलेत, कागदपत्रं आत्ताच पाठवा, म्हणजे तुमचं नाव पुढे करतो," असा एजंटचा मेसेज येतो. पाच मिनिटांत ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, फोटो असं सगळं त्या नंबरवर रवाना होतं. घर मिळतं तिसऱ्याच कुणाला. आपली कागदपत्रं मात्र त्या फोनमध्ये राहतात आणि तो फोन कुणाकुणाच्या हातात जातो, हे कळायला मार्ग नसतो.

मालकाने काही विचारूच नये, असं माझं म्हणणं नाही. आपली वास्तू अनोळखी माणसाच्या ताब्यात देताना तो कोण आहे आणि भाडं भरू शकेल का, हे त्याने बघावंच. पण किती विचारावं आणि कधी विचारावं, याला मर्यादा आहे. जर्मनीतल्या डेटा संरक्षण प्राधिकरणांनी घरमालकांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात यासाठी तीन टप्पे केले आहेत: घर बघायला येताना, घर हवं असं सांगितल्यावर, आणि मालकाने हाच भाडेकरू असं ठरवल्यावर. तुम्ही कुठल्याही देशात घर शोधत असा, हे तीन टप्पे डोक्यात ठेवले तरी अर्धं काम होतं.

पायरी १: आधी समोरच्याची ओळख पटवा

घर बघितल्याशिवाय एकही कागद द्यायचा नाही. जाहिरातीतला फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. तेच घर दुसऱ्या शहरात, दुसऱ्या भाड्याने दिसलं तर विषय तिथेच संपला. स्वतः जाता येत नसेल तर ओळखीच्या कुणाला तरी पाठवा. तेही जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा, आणि "जरा ती खिडकी उघडून दाखवता का?", "नळ सुरू करा बघू," असं मधेच काहीतरी करायला लावा. आधी काढून ठेवलेल्या व्हिडिओला हे जमत नाही.

काही जण विश्वास बसावा म्हणून स्वतःचं ओळखपत्र आपणहून आधी पाठवतात. त्यावर जाऊ नका. ते आधी फसलेल्या कुणाचं तरी असू शकतं, आणि तुम्ही तुमचं पाठवलंत तर पुढच्या माणसाला तुमचं दाखवलं जाईल.

पायरी २: ज्या टप्प्यावर जेवढं लागतं तेवढंच द्या

घर बघायला जाताना नाव आणि संपर्काचा नंबर पुरतो. दारात ओळखपत्र दाखवायला सांगितलं तर दाखवा, पण मोबाइलवर त्याचा फोटो काढू देऊ नका. वर सांगितलेलं जर्मन मार्गदर्शनही हेच म्हणतं: बघणं ठीक, प्रत ठेवणं नको.

घर पसंत पडलं आणि तुम्ही तसं कळवलंत की मग किती जण राहणार, काय काम करता, महिन्याची मिळकत साधारण किती, कधीपासून राहायला येणार, हे सांगायला हरकत नाही. तोंडी किंवा साध्या मेसेजमध्ये. पुरावे अजूनही नकोत.

मालकाने "तुम्हालाच देतो" म्हटल्यावर पगाराची स्लिप, ओळखपत्राची प्रत, मागितला असेल तर क्रेडिट रिपोर्ट (तुमची कर्जं आणि त्यांच्या परतफेडीची नोंद) द्यावा. अनामत परत यावी म्हणून लागणारा तुमचा खाते क्रमांक करार करतानाच द्या, त्याच्या आधी नाही.

नातेवाइकांची माहिती, धर्म, लग्नाचा बेत, मूल कधी होणार, आजारपण, राजकीय मत यांचा भाडं भरण्याशी काडीचा संबंध नाही. फॉर्ममध्ये असे रकाने असले तर ते कोरे सोडा. बहुतेक वेळा ते जुन्या फॉर्मवरून उचललेले असतात आणि कुणी परत विचारतही नाही.

काही देशांनी हे कायद्यातच बांधून टाकलं आहे. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने भाडेकरूकडून कोणकोणते कागद मागता येतील याची यादीच ठरवून दिली. बँक स्टेटमेंट त्या यादीत नाही, आणि यादीबाहेरचं मागणाऱ्याला दंड होऊ शकतो. कॅनडात घर भाड्याने घेताना सामाजिक विमा क्रमांक (नोकरी, कर आणि सरकारी लाभांसाठी लागणारा क्रमांक) देण्याची सक्ती नाही. इंग्लंडमध्ये परदेशी भाडेकरूला राहण्याचा हक्क दाखवायला सरकारी संकेतस्थळावरून एक शेअर कोड काढता येतो. तो ९० दिवस चालतो. मालक तो कोड आणि तुमची जन्मतारीख टाकून पडताळणी करतो. व्हिसाची सगळी फाइल त्याच्या हाती द्यावी लागत नाही. भारतात आधारची झाकलेली प्रत मिळते, तिच्यात पहिले आठ आकडे लपवून फक्त शेवटचे चार दिसतात. जिथे राहणार तिथली अशी सरकारी सोय आधी शोधा. तिचं नाव घेऊन "मी हे देतो" म्हटलं की वाद सहसा होत नाही.

पायरी ३: नको ते झाका, पण नीट झाका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

पासपोर्टचंच घ्या. वर छापलेला नंबर लोक काळजीने झाकतात आणि पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळी तशाच सोडतात. बाणासारख्या खुणांनी भरलेल्या, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या या ओळी यंत्राने वाचण्यासाठी असतात. पहिलीत नाव, दुसरीत पासपोर्ट नंबर, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, मुदत संपण्याची तारीख. म्हणजे वर झाकलेलं सगळं खाली पुन्हा छापलेलं. कार्डावरच्या क्यूआर कोडचंही तसंच. आधारवरच्या कोडमध्ये नाव, पत्ता, फोटो असतो. आकडे झाकून कोड उघडा ठेवला तर निम्मंच काम झालं.

पगाराच्या स्लिपेवर नाव, कंपनी, महिना आणि हातात येणारी रक्कम दिसली की पुरे. बँक खाते क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, कर क्रमांक, कर्मचारी क्रमांक, कर्जाचे हप्ते झाकून टाका. बँक स्टेटमेंट शक्यतो देऊच नका. कुठल्या डॉक्टरकडे जाता, कुणाला देणगी देता, रोज कुठून कुठे प्रवास करता, महिन्याच्या शेवटी खात्यात किती उरतं, हे सगळं त्यात येतं. द्यावंच लागलं तर पगार जमा झाल्याच्या ओळी ठेवून बाकीच्या काळ्या करा.

आता झाकायचं कसं? पीडीएफवर काळी पट्टी ओढली की खालची अक्षरं दिसेनाशी होतात, पण बऱ्याचदा ती फाइलमध्ये तशीच असतात. तपासणं सोपं आहे: पट्टीवरून कर्सर फिरवून मजकूर निवडा, कॉपी करा आणि कोऱ्या पानावर पेस्ट करा. आकडे उमटले तर पट्टी नुसती शोभेची आहे. पट्टी टाकलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि तो पाठवा. फोनमधल्या मार्कर पेनने रंगवणंही भरवशाचं नाही, कारण काही पेनांची शाई थोडी पारदर्शक असते आणि फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे उजळून दिसतात. भरीव चौकोन वापरा.

फोटो कापतानाही जपा. गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या स्क्रीनशॉट कापण्याच्या सोयीत एक दोष होता. कापून टाकलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहायचा आणि परत मिळवता यायचा. मार्च २०२३ मध्ये ते उघड झालं आणि दुरुस्तही झालं, पण त्याआधी कापून पाठवलेले फोटो जिथे गेले तिथे तसेच आहेत.

या सगळ्या कटकटीपेक्षा मला जुनी पद्धत आवडते: कागदाची पट्टी कापायची, कार्डावर ठेवायची आणि मग फोटो काढायचा. जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते कुणी उकरून काढू शकत नाही.

एक मात्र लक्षात असू द्या, झाकणं वेगळं आणि बदलणं वेगळं. पगाराचा आकडा फुगवला किंवा तारीख बदलली की ते बनावट कागदपत्र होतं. काय झाकलंय ते मालकाला सरळ सांगा.

पायरी ४: प्रतीवर कारण लिहा

प्रत्येक प्रतीवर "फक्त अमुक पत्त्याच्या घराच्या भाडेअर्जासाठी, अमुक यांना दिली, दिनांक अमुक" असं आडवं लिहा. कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं, म्हणून मजकूर आणि फोटोवरून जाईल असं, पण वाचता येईल इतपत फिकट. एवढ्याने गैरवापर पूर्ण थांबतो असं नाही. पण त्या प्रतीवर सिमकार्ड किंवा कर्ज काढायला जाणाऱ्याला ती अडचणीची होते, आणि ती बाहेर फिरताना सापडली तर कुणाकडून गेली हेही कळतं. म्हणूनच दर मालकासाठी वेगळी प्रत करा. सगळ्यांना एकच पाठवली तर हा फायदा जातो.

पायरी ५: पाठवण्याची वाट निवडा

समोरासमोर दाखवणं सगळ्यात उत्तम. नाहीतर ईमेल, आणि घर शोधण्यापुरता वेगळा ईमेल पत्ता. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बहुतेक फोनांमध्ये आपोआप गॅलरीत जाऊन बसतो. तिथून तो क्लाउडवर, घरच्यांच्या टॅबवर, नवीन फोनमध्ये जातो. मालकाच्या मनात काही वाईट नसतं, पण चार वर्षांनी तुमचं ओळखपत्र त्याच्या लग्नाच्या फोटोंशेजारी पडलेलं असतं. क्लाउडची लिंक पाठवली तर ती आठवड्याने बंद करता येते. ओळखपत्रासाठी हीच वाट मला बरी वाटते. अर्थात, उघडून डाउनलोड केलं तर प्रत गेलीच.

पासवर्ड लावलेली पीडीएफ पाठवत असाल तर पासवर्ड वेगळ्या मार्गाने कळवा, आणि तो नाव-जन्मसालावर बेतलेला नको. आधारच्या डाउनलोड केलेल्या फाइलचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल असाच असतो, आणि या दोन्ही गोष्टी घर देणाऱ्याला ठाऊक असतात.

प्रिंट किंवा झेरॉक्स काढायला दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली असेल तर निघताना ती डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढा, लॉग आउट करा.

पायरी ६: ऑनलाइन अर्ज आणि तपासणी कंपन्या

अर्जाचं संकेतस्थळ बहुतेकदा मालकाचं नसतं, भाडेकरूची माहिती तपासून मालकाला अहवाल देणाऱ्या मधल्या कंपनीचं असतं. तारांकित रकाने तेवढे भरा. "तुमच्या बँकेत इथूनच लॉगिन करा, मिळकत आपोआप तपासू" असं बटण दिसलं तर ते वगळून स्लिप अपलोड करण्याचा पर्याय शोधा. जाहिरातींसाठी संमतीची खूण आधीच केलेली असेल तर काढा. जुन्या घरमालकाचा किंवा साहेबांचा नंबर संदर्भ म्हणून देण्याआधी त्यांना विचारा; तो नंबर तुमचा नाही.

अमेरिकेत अशा तपासणी अहवालांवर १९७० च्या क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याचं बंधन आहे. अहवालामुळे घर नाकारलं तर तो कुठल्या कंपनीचा होता हे मालकाला सांगावं लागतं आणि तुम्ही ६० दिवसांत त्याची फुकट प्रत मागू शकता. मागाच. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचीच थकबाकी आपल्या नावावर दिसते, असंही होतं. जर्मनीत क्रेडिट संस्थेकडून स्वतःच्या माहितीची जी फुकट प्रत मिळते ती मालकाला देऊ नका; तिच्यात त्याला लागतं त्याहून बरंच जास्त असतं.

पायरी ७: नाही कसं म्हणायचं

घर हातचं जाईल या भीतीने लोक गप्प बसतात. नुसतं नाही म्हणण्याऐवजी बदल्यात काय देता ते आधी सांगा:

"नमस्कार. घर आम्हाला पसंत आहे. ओळखपत्र भेटीत मूळ दाखवतो आणि करार ठरला की प्रत देतो. बँक स्टेटमेंटऐवजी शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र देऊ शकतो. चालेल का?"

बहुतेकांना चालतं. त्यांनाही भाडं वेळेवर मिळेल एवढीच खात्री हवी असते. एखादा हटूनच बसला तर तुमच्याकडे दोनच पर्याय आहेत: दुसरं घर बघायचं, किंवा झाकून, कारण लिहून प्रत द्यायची. घराची निकड असेल तर दुसरा पर्याय धरण्यात काही चूक नाही.

पायरी ८: नंतर आठवण करा

कुणाला, कोणत्या तारखेला, काय पाठवलं याची एक छोटी यादी फोनमध्ये ठेवा. घर मिळालं नाही की त्यातल्या प्रत्येकाला एक मेसेज: "घराचं जमलं नाही, हरकत नाही. मी अमुक तारखेला पाठवलेली कागदपत्रं तुमच्या फोनमधून आणि ईमेलमधून काढून टाकावीत आणि तसं कळवावं, ही विनंती." युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमाखाली अशा मागणीला साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. जिथे तसा कायदा नाही तिथेही मेसेज पाठवा. निदान लेखी मागणी केल्याची नोंद राहते. क्लाउडच्या लिंक बंद करा. पुढचे काही महिने बँकेचे मेसेज आणि क्रेडिट रिपोर्ट बघत राहा. न काढलेल्या कर्जाची चौकशी तिथे दिसली तर आधी बँकेला आणि सायबर पोलिसांना कळवा, एजंटशी नंतर बोला.

आणि घर मिळालं असेल तर अर्जासाठी केलेल्या सगळ्या झाकलेल्या, लिहिलेल्या प्रती स्वतःच्या फोनमधूनही काढा. कराराची सही झालेली प्रत आणि पावत्या तेवढ्या ठेवा.