केसगळतीसाठी लाल प्रकाशाची टोपी: वापरायची असेल तर अशी वापरा

केस विरळ व्हायला लागले की माणूस आधी शाम्पू बदलतो, मग सीरम लावून बघतो आणि हल्ली त्यानंतर लाल प्रकाश सोडणाऱ्या टोपीकडे वळतो. टोपी वाईट नाही. पण ती जोडीचा उपचार आहे, मुख्य उपचार नव्हे, आणि जाहिरातीत हेच वाक्य सहसा सापडत नाही.

या उपचाराचा शोध अपघातानेच लागला. 1967 च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्ड्रे मेस्टर हे डॉक्टर लेझरमुळे कर्करोग होतो का, हे उंदरांवर तपासत होते. उंदरांची पाठ भादरून त्यावर त्यांनी अगदी कमी ताकदीचा लेझर सोडला. कर्करोग झाला नाही, उलट तिथले केस लवकर उगवले. आज असं मानलं जातं की पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया हा लाल प्रकाश शोषतात, त्यामुळे पेशींचं काम वाढतं आणि विश्रांतीत गेलेली केसांची मुळं पुन्हा वाढीच्या टप्प्यात येतात. हा प्रकाश त्वचा भाजत नाही, कापत नाही. टोपी थोडी कोमट लागेल, एवढंच.

आधी कारण शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. दिवसाला 50 ते 100 केस गळणं नेहमीचंच आहे. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, पण ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. त्यासाठी टोपी घेतली, तर केस परत आल्याचं श्रेय टोपीला जाईल, इतकंच. थायरॉईडचा त्रास, लोहाची कमतरता, एखादं औषध, टाळूचा बुरशीसंसर्ग ही कारणं असतील तर उपचार त्यांवरच हवा. गोल चकत्यांसारखी चाई पडली असेल, तर तो वेगळाच आजार आहे.

लाल प्रकाशाचा अभ्यास मुख्यतः आनुवंशिक टक्कलावर झाला आहे: पुरुषांमध्ये कपाळाचे कोपरे मागे सरकतात, माथा उघडा पडतो, बायकांमध्ये भांग रुंद होत जातो. त्यातही मुळं जिवंत असायला हवीत. बारीक, मऊ केस दिसत असतील तर आशा आहे. वर्षानुवर्षं गुळगुळीत राहिलेल्या टाळूवर प्रकाश काही उगवून देत नाही. त्यामुळे टोपीचे पैसे भरण्याआधी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना टाळू दाखवा.

कोणी थांबावं

डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासारखी, त्वचा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं चालू असतील, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असेल, टाळूवर संशयास्पद गाठ, बदलणारा तीळ किंवा न भरणारी जखम असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. गरोदरपणात हे यंत्र टाळलेलंच बरं. आणखी एक मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. बऱ्याच यंत्रांची परवानगी गोऱ्या ते मध्यम सावळ्या त्वचेपुरतीच असते, कारण गडद त्वचेतलं रंगद्रव्य जास्त प्रकाश शोषतं. तुमचा वर्ण गडद असेल तर माहितीपत्रकातली ही ओळ शोधूनच पुढे जा.

यंत्र निवडताना

तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाचा रंग ठरवणारा आकडा, साधारण 630 ते 680 नॅनोमीटरमध्ये आहे का बघा. बऱ्याच यंत्रांत ती 650 च्या आसपास असते. हा आकडाच लिहिलेला नसेल तर ते यंत्र सोडून द्या. कंगव्याच्या आकाराचं यंत्र स्वस्त पडतं, पण हात अवघडेपर्यंत ते डोक्यावर फिरवत बसावं लागतं. टोपी किंवा हेल्मेट घालून दुसरं काम करता येतं, त्यामुळे सवय टिकते, आणि या उपचारात सवयीवरच सगळं आहे. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने अशा कंगव्याला पुरुषांसाठी 2007 मध्ये मोकळीक दिली. पण ही मोकळीक म्हणजे नव्या औषधाला मिळते तशी मान्यता नव्हे. ‘एफडीए’ ही अक्षरं खोक्यावर दिसली म्हणून हुरळून जाऊ नका.

प्रत्यक्ष वापर

पहिल्या दिवशी, यंत्र चालू करण्याआधी, फोटो काढा. एकाच खोलीत, एकाच उजेडात, कोरड्या केसांचे: समोरून, माथ्यावरून आणि भांग पाडून. पुढे दर महिन्याला तसेच काढा. आरशावर विसंबू नका. रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही.

टाळू स्वच्छ आणि कोरडी हवी. जेल, स्प्रे, टाळू झाकणारी पावडर काढून टाका. केस दाट असतील तर भांग पाडत प्रकाश त्वचेपर्यंत पोचू द्या. केसांवर पडलेला प्रकाश वायाच जातो. किती मिनिटं आणि आठवड्यातून किती वेळा, हे यंत्रागणिक बदलतं. अनेक यंत्रं एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा वापरायची असतात, दर वेळी साधारण 10 ते 30 मिनिटं. माहितीपत्रकात असेल तेवढंच करा. दुप्पट वेळ लावून दुप्पट केस येत नाहीत. प्रमाणाबाहेर प्रकाश दिला तर परिणाम उलट कमी होऊ शकतो. किरणांकडे थेट बघू नका आणि यंत्र मुलांच्या हाती देऊ नका.

मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं केसवाढीचं औषध लावत असाल तर आधी प्रकाश, मग औषध. टोपी आली म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन्ही मिळून जास्त उपयोग होतो, असाच अभ्यासांचा कल आहे.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती थोडी वाढल्यासारखी वाटू शकते. जुने केस जागा सोडतात, म्हणून तसं होतं. टाळू लाल होणं, खाज, डोकं दुखणं असं काही टिकून राहिलं तर मात्र थांबा.

निर्णय कधी घ्यायचा

चार महिन्यांच्या आधी काहीच ठरवू नका. सहा महिन्यांनी पहिले आणि ताजे फोटो शेजारी ठेवून बघा, जमल्यास त्वचारोगतज्ज्ञांनाही दाखवा. गळती थांबली आणि केस आहेत तेवढेच राहिले, तरी तो फायदाच धरा, कारण आनुवंशिक टक्कल एरवी पुढेच सरकत असतं. काहीच फरक नसेल तर आणखी सहा महिने रेटण्यात अर्थ नाही. फरक दिसला तर वापर चालू ठेवावा लागेल; बंद केल्यावर मिळालेलं काही महिन्यांत हळूहळू जातं.