जुनी गाडी चालता चालता बंद पडली? आधी ती कशी बंद पडली ते आठवा

चालती गाडी बंद पडली आणि परत चालू होईना, की बहुतेकांचा हात किल्लीवर जातो. सेल्फ मारायचा, थांबायचं, परत मारायचा. पाच-सात मिनिटांत बॅटरी उतरते, प्लग पेट्रोलने भिजतात आणि मूळ दोषात नवे दोन मिसळतात. जुन्या पेट्रोल गाड्या दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलंय. गाडी आणणाऱ्याला मी बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारतो: बंद पडली तेव्हा नेमकं काय झालं? निम्मं निदान त्या उत्तरात असतं, म्हणून गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि शेवटचं अर्धं मिनिट नीट आठवा.

दिव्याचं बटण दाबावं तशी, काही कळायच्या आत बंद पडली? मग संशय करंटवर, म्हणजे कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी आवरणारा), इग्निशन स्विच, एखादी सुटलेली वायर किंवा इंजेक्शनच्या गाडीत (जिथे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल सोडतात) क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा). गचके देत, चढावर दम तोडत, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आणखी मरगळत गेली असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. हेडलाइट मंद होत गेले आणि बॅटरीचा लाल दिवा आधीपासून लागलेला होता, तर चार्जिंग बंद आहे. अल्टरनेटरचा पट्टा बघा. बऱ्याच इंजिनांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो, तेव्हा पट्टा तुटला असेल तर इंजिन तापलेलंही असणार. तापमानाचा काटा वर गेला होता का, हेही आठवा. गेला असेल तर सेल्फला हात लावू नका आणि गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.

आता एकदाच सेल्फ मारा, फार तर पाच सेकंद, आणि कान देऊन ऐका.

नुसती कटकट झाली किंवा काहीच झालं नाही, तर हेडलाइट लावून परत मारा. दिवे पार विझत असतील तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. दिवे तसेच लखलखीत राहिले तर स्टार्टर, सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) किंवा इग्निशन स्विच. मीटर असेल तर चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना साधारण 9.6 च्या खाली जाऊ नये. टर्मिनल हाताने पिळून बघा. हलता कामा नये. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही बघा. जुन्या गाडीत ती गंजून आतून तुटते आणि वरून मात्र शाबूत दिसते.

इंजिन फिरतंय, पण नेहमीपेक्षा भरभर, हलकं, दाबाचा ठेका न देता? इथे थांबा. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमिट करवणारा पट्टा, तुटल्याची ही खूण आहे. काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि प्रत्येक सेल्फबरोबर नुकसान वाढतं. डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीने करंट वाटणारा भाग) कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, चालत असेल तर कॅप काढून कुणाला तरी क्षणभर सेल्फ मारायला सांगा. आतला रोटर फिरत नसेल तर गाडी उचलूनच न्यायची.

नेहमीच्या ठेक्यात फिरतंय पण पेटत नाही, तर प्रश्न दोनच: ठिणगी आहे का, पेट्रोल आहे का. मी ठिणगी आधी बघतो. स्पार्क टेस्टर असेल तर उत्तम, नसेल तर जवळ ठेवलेला जादा प्लग वायरला लावा, त्याचं धातूचं अंग इंजिनच्या स्वच्छ धातूला पक्कं टेकवा आणि सेल्फ मारू द्या. सांडलेल्या पेट्रोलजवळ हे करू नका, आणि प्लग हातात धरू नका, कारण तिथे 20,000 व्होल्टच्या वर दाब असतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये वायर मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फ मारला तर मॉड्यूल जळू शकतं. ठिणगी निळसर आणि टणटणीत हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी सिलिंडरच्या दाबात टिकत नाही.

पॉइंटवाल्या गाडीत, म्हणजे जिथे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क कॉइलचा करंट जोडतात-तोडतात, कंडेन्सरवर लक्ष ठेवा. एक गाडी माझ्याकडे आली तोवर तिची कॉइल, प्लग, वायरी आणि पेट्रोल पंपही बदलून झाला होता. तरी गरम झाली की बंद. मालकाला विचारलं, गचके देते का? नाही म्हणाले, एकदम जाते. इंजिन गरम असतानाच डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली आणि सेल्फ मारायला लावला. पॉइंटमध्ये भलामोठा निळा झोत उडत होता. चांगल्या कंडेन्सरबरोबर तिथे जेमतेम बारीक ठिणगी दिसते. कंडेन्सर बदलला आणि गाडी लागली रस्त्याला. इंजेक्शनच्या गाडीत हीच खोड क्रँक सेन्सरला असते: गरम झाला की मरतो, निवला की जागा होतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर बहुतेक गाड्यांत पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाचा) दिवा लुकलुकत नाही ना, तेही बघा.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे वळा. कार्ब्युरेटरच्या गाडीत एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून आत बघा आणि थ्रॉटल हाताने झटकन उघडा. पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. कोरडं असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल नाही. मग आधी टाकीचं झाकण सैल करा. 'सूंss' करून हवा आत गेली तर झाकणाचं छिद्र बुजलंय. त्यानंतर फिल्टर, त्यानंतर रबरी नळ्या, कारण जुनी नळी आतून फुगून वाट बंद करते. पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं, म्हणून डिपस्टिक काढून वास घ्या. उन्हात, हळूहळू सरकणाऱ्या गर्दीत बंद पडली असेल तर पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. ओलं फडकं पंपावर आणि नळीवर ठेवा, थोडं थांबा.

इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद घूं आवाज येतो का ते ऐका. येत नसेल तर फ्यूज, मग रिले. त्याच नंबरचा दुसरा रिले बॉक्समध्ये असेल तर अदलाबदल करून बघा. काही गाड्यांत धक्क्याने पंप बंद करणारा स्विचही असतो. कुणी सेल्फ मारत असताना टाकीच्या बुडाला मुठीने ठोकल्यावर पंप एकदा चालला, तर त्याचे ब्रश संपलेत. घरी पोचा आणि पंप बदला. इंजेक्शनच्या गाडीतली पेट्रोलची नळी मात्र रस्त्यावर सोडवू नका. आत साधारण तीन बारचा दाब असतो.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही आहे, शिवाय पेट्रोलचा वास मारतोय, तर इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत जास्त पेट्रोल साचलंय. चोक पूर्ण उघडा (म्हणजे चोकचा वापर बंद करा), अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून तसाच धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. पेटल्यावर हळूच पाय उचला.

अर्ध्या तासाने गाडी आपोआप चालू झाली, की लोक खूश होऊन निघतात. पण असा दोष इंजिन गरम असतानाच सापडतो. म्हणून पुढच्या वेळी बंद पडल्या पडल्या, निवायच्या आत, ठिणगीची तपासणी करा. जादा प्लग आणि पाना त्यासाठी डिकीत ठेवा.