ध्वनिलिपी लिहिताना या चुका टाळा

आपली भाषा जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, असे मराठी माणसाला लहानपणापासून सांगितले जाते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे, पण आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी म्हणजे आयपीए शिकायला बसले की हाच समज सर्वांत जास्त नडतो. आपण तोंडातून निघालेला आवाज टिपायच्या ऐवजी कागदावरचे अक्षर पाहून त्याच्या जागी दुसरे अक्षर मांडत जातो आणि त्यालाच उच्चारलेखन समजतो. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच सवयीतून जन्मतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मी स्वतः केलेल्या आहेत. चिन्हांचे वर्णन येथे शब्दांत केले आहे, त्यामुळे वाचताना आयपीएचा तक्ता समोर उघडून ठेवला तर सोयीचे होईल.

ओळखीचे अक्षर, परका आवाज

१८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी यांच्या पुढाकाराने काही भाषाशिक्षकांनी एक संघटना काढली आणि तिच्या लिपीचा पहिला आराखडा १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा कोणतीही असो, एका चिन्हाचा आवाज एकच राहील, हे या लिपीमागचे तत्त्व आहे. आज तिच्यात १०७ अक्षरे आणि ५२ उपचिन्हे, म्हणजे अक्षराला जोडायच्या खुणा, मोजली जातात. यांपैकी बरीच अक्षरे रोमन लिपीतून घेतलेली असल्याने इंग्रजी वाचणाऱ्याला ती ओळखीची वाटतात, आणि फसगत होते ती नेमकी इथेच.

'जे' हे अक्षर घ्या. आयपीएमध्ये ते ज नसून य आहे. जर्मनमध्ये 'हो' या अर्थाचा 'या' हा शब्द जे ने लिहिला जातो, तोच हा आवाज. मग य साठी 'वाय' लिहावा म्हटले, तर वाय चे चिन्ह वेगळ्याच स्वरासाठी राखून ठेवलेले आहे. जीभ ई ची आणि ओठ ऊ चे ठेवले की तो स्वर निघतो, आणि फ्रेंचमधल्या 'तू' या सर्वनामात तो ऐकू येतो. 'सी' म्हणजे क नाही आणि च ही नाही, तर टाळूच्या मध्यभागी जीभ टेकवून केलेला एक स्फोट आहे. 'क्यू' हा अरबी 'काफ'चा आवाज असून आपल्या क पेक्षा तो घशात बराच मागे, पडजिभेजवळ निघतो. 'एक्स' हा जर्मन 'बाख'च्या शेवटी येणारा घासणारा आवाज आहे. गोव्यात रोमी कोंकणी वाचणाऱ्यांना एक्स म्हणजे श हे पोर्तुगीज वळण अंगवळणी पडलेले असते, तर चिनी शिकणाऱ्यांना पिनयिन या रोमन लेखनपद्धतीतला क्यू छ च्या जवळचा असल्याचे ठाऊक असते. ही दोन्ही वळणे आपापल्या जागी बरोबर असली तरी आयपीएमध्ये त्यांचा उपयोग नाही.

संस्कृत किंवा पाली रोमन लिपीत वाचणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे, कारण त्यांच्या डोळ्यांना 'सी' म्हणजे च, 'जे' म्हणजे ज आणि 'वाय' म्हणजे य हे पक्के बसलेले असते. त्या लिप्यंतरात ट, ड, ण यांच्या खाली टिंब असते, तर आयपीएमध्ये त्याच अक्षरांना उजवीकडे वळलेली शेपटी असते. दीर्घ स्वरासाठी तिथे डोक्यावर आडवी रेघ देतात, इथे स्वरानंतर लांबीचे वेगळे चिन्ह येते. दोन्ही पद्धती एकाच ओळीत मिसळलेली टिपणे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती लिहिणाऱ्यालाच महिन्याभराने वाचता येत नाहीत.

तक्ता उलट्या दिशेने वाचणे

वर्णमाला घशातून निघते आणि ओठांवर संपते: क, च, ट, त, प. आयपीएचा व्यंजनतक्ता डावीकडे ओठांपासून सुरू होतो आणि उजवीकडे घशापर्यंत जातो. एका चौकटीत दोन चिन्हे असतील तर डावे अघोष, म्हणजे कंठ न थरथरता निघणारे, आणि उजवे घोष, म्हणजे कंठ थरथरत निघणारे असते. वर्गातली पाच अक्षरे ओळीने सापडतील या अपेक्षेने शोधणाऱ्याला ख, घ, छ, झ कुठेच दिसत नाहीत, कारण महाप्राणांना स्वतंत्र चौकटी नाहीत आणि ते उपचिन्ह लावून दाखवावे लागतात. च सुद्धा मुख्य तक्त्यात नाही, आणि तो नाही म्हणूनच लोक घाईने 'सी' उचलतात.

च आणि ज एकच समजणे

मराठीपुरती ही सर्वांत मोठी चूक म्हणता येईल, कारण इथे आपली लिपीच आपल्याला गाफील ठेवते. 'चार' ही संख्या आणि गुरांचा 'चारा' हे शब्द सावकाश म्हणून पाहा. पहिल्यात जिभेचा पसरट भाग टाळूला लागतो, दुसऱ्यात जिभेचे टोक दातांच्या मुळाशी जाते आणि त्स सारखा आवाज निघतो. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द अक्षरशः सारखे लिहिले जातात, पण बोलताना कोणीही त्यांची गल्लत करत नाही. देवनागरीत एकच अक्षर असले तरी आयपीएमध्ये दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात. दंततालव्य च साठी टी आणि एस, तर तालव्य च साठी टी आणि शेपटी आत वळवलेला 'सी', अशा जोड्या लिहितात. इंग्रजी 'चर्च'मधल्या च साठी वापरतात ते लांब एसचे चिन्हही काही अभ्यासक मराठी तालव्य च ला लावतात. कोणतेही एक निवडावे, पण शेवटपर्यंत तेच ठेवावे.

पुढे कोणता स्वर आहे यावरून हा फरक ठरतो हे अनेकांना माहीत असते, तरी लिहिताना विसर पडतो. 'माझा' मध्ये दंततालव्य झ आहे आणि 'माझी' मध्ये तालव्य. 'त्याचा' आणि 'त्याची' यांचेही तसेच. याहून सूक्ष्म गोष्ट अशी की ग्रांथिक 'माझे' तालव्य आहे, पण तेच आपण बोलताना 'माझं' म्हटले की झ पुन्हा दातांकडे येतो. म्हणून छापील मजकूर समोर ठेवून उच्चार लिहू नये. माणसाला बोलू द्यावे आणि मग लिहावे.

इथेच आणखी एक खड्डा आहे. टी आणि एस ही दोन चिन्हे नुसती शेजारी ठेवली तर तो त् आणि स यांचा जोड आहे की एकजीव अर्धस्फोटक, म्हणजे स्फोट आणि घर्षण मिळून झालेला एकच आवाज, हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'उत्साह' मध्ये त् आणि स शब्दाच्या वेगवेगळ्या अवयवांत, म्हणजे सिलॅबलमध्ये पडतात, 'उचल' मध्ये मात्र आवाज एकच आहे. हा भेद दाखवण्यासाठी दोन अक्षरांच्या डोक्यावर जोडणारी कमान देतात, आणि मराठीसाठी ती ऐच्छिक मानू नये.

ह ची शेपूट चुकीची लावणे

ख, थ, फ यांना वर छोटा 'एच' लावला की काम भागते. घ, ध, भ यांना तोच लावणे चूक आहे, कारण या व्यंजनांत कंठ थरथरत असतानाच हवा सुटते. त्यासाठी डोक्यावर आकडा असलेला 'एच' आहे. तो आकडा इतका बारीक असतो की छपाईत दिसतही नाही, पण संगणकासाठी ते वेगळे अक्षर आहे. म्हैस, न्हावी, कोल्हा, वऱ्हाड या शब्दांतले म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह हेही याच जातीचे आहेत. त्यांना म आणि मग ह असे सुटे लिहिले की 'महाग' आणि 'म्हातारा' यांच्या सुरुवातीतला फरक कागदावरून पुसट होतो.

फ बाबत कानावर विश्वास ठेवावा. 'फळ' म्हणताना कोणी दोन्ही ओठ मिटून प ला हवेची जोड देतो, तर कोणी वरचे दात खालच्या ओठावर घासून इंग्रजी 'एफ'चा आवाज काढतो. दोघेही मराठीच बोलत असतात, पण चिन्हे वेगळी लागतात. 'फुजी' पर्वताच्या जपानी नावातला फ तर या दोन्हींहून निराळा आहे. तिथे दोन्ही ओठ जवळ येतात पण मिटत नाहीत आणि दातांचा संबंध येत नाही, म्हणून त्याला ग्रीक 'फाय'सारखे चिन्ह आहे.

प्राणध्वनी आहे की नाही हे ठरवायला महागडे यंत्र लागत नाही. तोंडासमोर चार बोटांवर कागदाची पातळ पट्टी धरावी आणि 'पळ' व 'फळ' हे शब्द आळीपाळीने म्हणावेत, फ ओठ मिटूनच. पट्टी हलते तिथे प्राण आहे. त्यानंतर एखाद्या इंग्रजाकडून 'पिन' आणि 'स्पिन' म्हणून घ्यावे. पहिल्या शब्दाला पट्टी हलेल, दुसऱ्याला जवळजवळ हलणार नाही. इंग्रजाच्या लेखी तो एकच प आहे, आपल्या कानाला मात्र ते दोन आहेत.

तिरप्या रेघा आणि चौकोनी कंस यांतला फरकही याच प्रयोगाने स्पष्ट होतो. तिरप्या रेघांच्या आत त्या भाषेत अर्थ बदलणारे स्वनिम येतात, तर चौकोनी कंसात प्रत्यक्ष उच्चाराचा तपशील येतो. म्हणून इंग्रजी 'पिन' तिरप्या रेघांत साध्या प ने लिहिणे बरोबर आहे आणि चौकोनी कंसात छोटा 'एच' जोडणे बरोबर आहे. मराठीत मात्र दोन्हीकडे प्राण दाखवावाच लागतो.

लेखनावरून उच्चार उतरवणे

'सरबत' या शब्दात देवनागरीने चार अकार लपवले आहेत, पण बोलताना दोनच उरतात. र आणि त दोघांचाही अ गळतो. उलट्या 'ई'चे चिन्ह, म्हणजे श्वा, प्रत्येक व्यंजनामागे टाकणारी टिपणे यामुळेच वाचायला जड आणि ऐकायला खोटी ठरतात. 'ज्ञान' मराठी तोंडी 'द्न्यान' होते, हिंदीत 'ग्यान'. 'ऋषी' आपल्याकडे 'रुशी' च्या जवळ जातो, हिंदीत 'रिशि' च्या. श आणि ष साठी वेगवेगळी चिन्हे लिहिण्याआधी बोलणारा खरोखर दोन आवाज काढतो आहे का, हे तपासावे. बहुतेक जण काढत नाहीत. 'दिन' आणि 'दीन' यांच्या बाबतीतही तेच: लांबीचे चिन्ह शुद्धलेखनाच्या नियमावरून न देता कानाने द्यावे.

अनुस्वार हा तर पाच-सहा आवाजांचा एकच मुखवटा आहे. 'अंक', 'पंच', 'दंड', 'अंत', 'अंबा' यांत पुढच्या व्यंजनाप्रमाणे अनुनासिक बदलते आणि प्रत्येकाला स्वतंत्र चिन्ह किंवा उपचिन्ह आहे. 'सिंह' आणि 'संशय' यांत तर पूर्ण अनुनासिक नसून नाकातून निघणारा व सारखा आवाज ऐकू येतो. त्यामुळे सगळीकडे 'एन' लिहून मोकळे होणाऱ्याचे 'सिंह' कोणीच ओळखत नाही.

कोशातली चिन्हे जशीच्या तशी उचलणे

इंग्रजीचे कोश सोयीसाठी साधा 'आर' छापतात, पण काटेकोर आयपीएमध्ये साधा 'आर' म्हणजे जिभेचा थरथरता र. स्पॅनिशमध्ये 'कुत्रा' आणि 'पण' या अर्थांचे दोन शब्द केवळ थरथरता र आणि एका टिचकीचा र एवढ्या फरकाने ओळखले जातात. इंग्रजी र त्या दोन्हींत बसत नाही, त्याचे खरे चिन्ह उलटा 'आर' आहे. त्याचप्रमाणे इंग्रजी 'टी' हा आपला ट नाही आणि त ही नाही. जीभ दातांच्या मागच्या उंचवट्यावर टेकते, म्हणून शेपटी किंवा दंत्याचे उपचिन्ह न लावता साधे 'टी' लिहावे. आपला व ओठ-दातांचा पण न घासणारा असल्याने 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन्ही चिन्हांऐवजी त्याला एक तिसरेच चिन्ह आहे, उजव्या टोकाला किंचित आत वळलेला, गोलसर 'व्ही'.

आघाताची उभी रेघ आयपीएमध्ये आघात असलेल्या अवयवाच्या आधी येते. काही अमेरिकी कोश ती नंतर देतात, त्यामुळे उतरवून घेताना आघात एका अवयवाने सरकतो.

टंकलेखनातले घोटाळे

लांबीचे चिन्ह म्हणजे एकमेकांकडे टोक केलेले दोन छोटे त्रिकोण. त्याच्या जागी अपूर्णविराम, किंवा आघाताच्या जागी ॲपोस्ट्रॉफी टाकली तर पानावर फरक जाणवत नाही, मात्र नंतर तो शब्द शोधायला गेल्यावर सापडत नाही. कंठद्वारीय स्पर्शाचे, म्हणजे घसा क्षणभर बंद करून काढलेल्या आवाजाचे चिन्ह बिनटिंबाच्या प्रश्नचिन्हासारखे दिसते, तरी ते प्रश्नचिन्ह नव्हे. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर चिन्हांच्या जागी चौकोन दिसले, तर मजकूर शाबूत असून फॉन्ट अपुरा आहे, आणि चॅरिस किंवा डूलोससारखा मोफत फॉन्ट बसवला की काम होते. चौकोनांऐवजी भलतीच अक्षरे दिसली, तर मात्र मूळ टंकन युनिकोड ही सर्व संगणकांची समान संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये झालेले आहे आणि ते रूपांतरित करावे लागेल.

सर्वांत अवघड आहे ती नुसती उभी रेघ. कोणाची कीव आली की आपण दातांमागे जीभ ओढून 'च्च् च्च्' करतो. तो देवनागरीत न मावणारा आवाज म्हणजे दंत्य क्लिक. आपल्याकडे तो केवळ उद्गार असला तरी दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत ते नेहमीचे व्यंजन आहे. त्याचे चिन्ह पूर्वी उलटा 'टी' असे होते, १९८९ पासून उभी रेघ आहे. आयपीएमध्ये वाक्यातला छोटा विराम दाखवायलाही उभीच रेघ असते, आणि देवनागरीचा दंडही तसाच दिसतो. या तिन्हींचे युनिकोड संकेत वेगवेगळे आहेत. मराठी कळफलकावरून क्लिक लिहायला गेलेल्याच्या हातून बहुधा दंडच उमटतो, आणि वाचणारा त्या व्यंजनाला वाक्याचा शेवट समजून पुढच्या ओळीवर जातो.