पळायला सुरुवात करताय? तिसऱ्या आठवड्यात सांभाळा

बूट, पाण्याची बाटली, गजर यांबद्दल मी काही सांगत बसणार नाही. चाळिशी उलटली असेल आणि बीपी, शुगर किंवा छातीचा काही त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मग सकाळी सहाला ठाण्याच्या उपवन तलावावर या.

पहिला आठवडा फक्त चाला. चार दिवस, अर्धा-अर्धा तास, भरभर.

दुसऱ्या आठवड्यापासून एकाआड एक दिवस, आठवड्याला तीनदा: पाच मिनिटं चालणं, मग एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं असं आठ वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा. वाक्य मध्येच तुटलं तर वेग जास्त झाला. २२० वजा वय म्हणजे नाडीचे जास्तीत जास्त ठोके, असं धरून मनगटावरच्या घड्याळात नाडीचे आकडे बघत पळू नका. ते सूत्र सरासरीचं आहे, एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यात आपल्या ठाण्याची दमट हवा. मे महिन्यात घाम नुसता निथळतो, वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जोरात चालते. अशा दिवशी वेग कमी करायचा, वाईट वाटून घ्यायचं नाही.

आता तिसरा ते सहावा आठवडा. माझ्यासोबत पळणाऱ्या सर्वात जास्त माणसांचं पळणं याच आठवड्यांत सुटलं आहे. तिसऱ्या आठवड्यात दम लागेनासा होतो. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारतं, अंगात हुरूप येतो आणि माणूस अंतर दुप्पट करतो. हाडाचा हिशेब मात्र वेगळा आहे. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं, त्याला तीन-चार आठवडे लागतात, आणि तिथे नवं हाड भरून पक्कं व्हायला आणखी काही महिने. म्हणजे तुम्हाला सर्वात दमदार वाटतं, नेमक्या त्याच दिवसांत नडगी कच्ची असते.

मी चौथ्या आठवड्यात सलग तीन दिवस ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ पळत चढलो होतो. नडगी दुखायला लागली तेव्हा एका जुन्या धावपटूने सांगितलं, ‘दुखणं पळूनच जिरवायचं असतं.’ मी ऐकलं आणि तीन महिने घरी बसलो. हा सल्ला तुम्हाला कोणी दिला तर तिथून उठून चालू लागा.

रोज रात्री एक तपासणी करा. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली न्या. वीतभर पट्टा हलका दुखत असेल तर आठवडाभर पळणं बंद, चालणं चालू. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल किंवा बसल्या जागीही ठणकत असेल, तर पळणं त्या दिवसापासून थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो बरेचदा दिसतही नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून पुन्हा पळायला लागू नका.

या चार आठवड्यांत एका वेळी एकच गोष्ट वाढवा: पळण्याची मिनिटं, नाहीतर दिवस, नाहीतर चढ. दर चौथ्या आठवड्याला पळणं एक तृतीयांशाने कमी करा. ताकद विश्रांतीत वाढते, व्यायाम फक्त तिची मागणी नोंदवतो. पाच तास झोपून पळायला येणाऱ्याला मी परत पाठवतो.

आठवड्यातले दोन दिवस ताकदीला. सोसायटीच्या जिन्यात पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, बारा-बारा तीन वेळा, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठबस तेवढीच. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामासोबत हे दोन दिवस सांगते, पण आपल्याकडे नेमके तेच गाळले जातात.

सपाटीवर वीस मिनिटं सलग, बोलत-बोलत पळता आलं की येऊरला जा. चढ हळू पळा. उतार पहिले दोन महिने चालतच उतरा. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच सगळं वजन पेलतात. ते दुखणं लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं.