एप्रिल-मेची किनारी मासेमारी: बर्फ घेतल्याशिवाय होडी काढू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गकडच्या छोट्या होडीवाल्यांसाठी लिहितोय, जे पहाटे निघतात, खाडीच्या तोंडाशी नाहीतर किनाऱ्यालगत जाळी टाकतात आणि दुपारपर्यंत परत येतात. दर उन्हाळ्यात एकच नुकसान बघतोय, मासा मिळतो चांगला पण बंदरावर येईपर्यंत खराब होतो, कारण होडीत बर्फच नसतो. "अर्ध्या दिवसाचं तर काम, आल्यावर टाकू की बर्फ" हे ऐकून कान किटले. अर्ध्या दिवसातच मासा जातो हो!

मेमध्ये समुद्राचं वरचं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं, त्यात मासा जाळ्यात मरून पडलेला, मग वर काढून फळीवर उन्हात, वर फार तर ओलं गोणपाट. बांगडा, तारली यात सगळ्यात आधी जातात, पोट खाद्याने भरलेलं असलं की आतल्या पाचक रसानेच ते मऊ पडून फुटतं. पाठीवर बोट दाबून बघा, खळगा तसाच राहिला आणि कल्ले लालचे तपकिरी झाले असले तर लिलावात ती पाटी बाजूलाच पडणार. मग तिच्यावर बर्फाची अख्खी लादी फोडून टाकलीत तरी गेलेला ताजेपणा परत येत नाही.

आणि प्रश्न फक्त रेटचा नाही. बांगडा, सुरमई, कुपा (टूना) असे मासे गरम राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन नावाचं बाधणारं रसायन तयार होतं, ते तळून-उकळूनही जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि लोक म्हणतात मासा बाधला.

सरकारी सल्ला आहे उन्हाळ्यात १ किलो माशाला १ किलो बर्फ. जास्त वाटतं ना, पण हिशोब बघा, १० किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायलाच जवळपास ३ किलो बर्फ वितळतो, बाकीचा उन्हाशी लढण्यात जातो. होडीला छप्पर नसेल तर मी त्याहून थोडा जास्तच घेईन, हा माझा अंदाज.

बर्फ बारीक फोडूनच वापरा, मोठ्या तुकड्यांनी मासा चेचतो आणि मध्ये हवा राहते. पेटीत खाली चार बोटं बर्फाचा थर, मग मासा, मग बर्फ, सगळ्यात वर परत बर्फ. पाणी निघायला भोक पाहिजेच, रक्ताच्या पाण्यात मासा भिजत ठेवू नका. बांगडा-तारलीसाठी मात्र बर्फात बाहेरच्या समुद्राचं स्वच्छ पाणी घालून लगदा करायचा आणि मासा थेट त्यात बुडवायचा, सगळ्यात लवकर थंड होतो. बंदरातलं पाणी यासाठी चुकूनही घेऊ नका, त्यात डिझेलपासून सगळं असतं. सुरमई, तांबोशीसारखा मोठा मासा पोट आणि कल्ले काढून, धुऊन बर्फात.

दुकानदार महागडी पेटी आणि "मासा ताजा ठेवायची पावडर" गळ्यात मारतात. पावडर अजिबात नको, आत काय आहे ते तोही सांगू शकत नाही, आणि माशाला फॉर्मेलिन लावणं तर बेकायदाच आहे. पेटी जुनी असली तरी चालते, झाकण घट्ट बसलं पाहिजे आणि वर ओलं गोणपाट टाकून सावलीत ठेवली पाहिजे. पेटीचे हजारो रुपये बर्फाला घाला!

बाकीची नेहमीची कामं:
– जाळं पहाटे टाकून लवकर उचला, ऊन चढेपर्यंत पाण्यात ठेवू नका
– पेट्या, फळ्या रोज धुवा: १० लिटर पाण्याला ३-४ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, नंतर साध्या पाण्याने
– खाडीत ऊन असताना उथळ पाण्यात जाळं टाकू नका, पहाटे-संध्याकाळी डोहाच्या कडेला टाका
– सरकारने ठरवलेल्या किमान मापापेक्षा लहान मासा सोडा, २०२३ पासून राज्यात ५४ जातींना माप आहे
– लाइफ जॅकेट, जादा इंधन, प्यायचं पाणी

हवेबद्दल. सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा वारा) असतो तोवर समुद्र गप्प, दुपारी समुद्राकडून खारा वारा उठतो, आणि उधाणाच्या सुकतीत (ओहोटीत) खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात, तिथेच होड्या उलटतात. त्याआधी आत या. पहाटे मतलई आलाच नाही आणि वारा दक्षिणेकडून लागला की मी निघतच नाही, मग मोबाइलवर काही का दाखवेना. पण हवामान खात्याने जाऊ नका सांगितलं असेल तर वारा कितीही शांत असू दे, होडी ओढून वर घ्या. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आलं तेव्हा देवगडला बंदरात नांगरलेल्या बोटीसुद्धा वाचल्या नाहीत. वारा नसतानाही लांबून मोठ्या लाटा येतात, त्यासाठी इन्कॉइसचे (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) इशारे रोज बघा. समुद्रात अडकलात तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच घाई करतात, बर्फाला रांग लागते आणि मग "आज राहू दे, तसंच जाऊ" होतं. बर्फाची लादी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. नाहीच मिळाली तर एकच जाळं टाका, मिळेल तेवढं घेऊन तासा-दोन तासात परत या.