आतड्याचा जोड भरून येताना औषधं कशी सांभाळाल

मी मिरजेत सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. मोठ्या आतड्याचा खराब भाग काढून दोन टोकं जोडली, की नातेवाईक हमखास विचारतात, "सिस्टर, आतली जखम लवकर भरायला एखादी पॉवरची गोळी लिहून द्यायला सांगा ना." खास जोड भरून आणणारी गोळी अजून बाजारात नाही. जोड भरतो तो चांगल्या रक्तपुरवठ्यावर आणि पोटात जाणाऱ्या प्रथिनांवर. औषधं त्याच्या वाटेतले अडथळे दूर करतात, आणि काही औषधं स्वतःच अडथळा होतात. म्हणून पेशंटच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला दोन्ही माहीत हवीत.

सुरुवात ऑपरेशनच्या आधीच करा. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइड चालू असेल तर जखम उशिरा भरते, पण ते आपल्या मनाने एकदम बंद करणंही धोक्याचं आहे. कॅन्सरच्या पेशंटला बेव्हॅसिझुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटच्या डोसाची तारीख नक्की सांगा, कारण त्यानंतर निदान 28 दिवस मोठं ऑपरेशन टाळतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर शिरेतून लोह देतात. पोट साफ करायच्या पातळ औषधासोबत निओमायसिन, मेट्रोनिडॅझोल अशा अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या गाळू नका. "पोट तर साफ झालं, आता गोळ्या कशाला?" असं म्हणणारे खूप भेटतात. पण त्या गोळ्या आतड्यातले जंतू कमी करतात आणि टाके पिकण्याचा धोका घटवतात. आणि काकू, मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. ती आजच बंद.

ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त घोळ दुखण्याच्या गोळ्यांचा होतो. पॅरासिटामॉल हा आधार. वजन आणि लिव्हर बघून डॉक्टर डोस ठरवतात. डायक्लोफिनॅकबद्दल मात्र सावध राहा. डेन्मार्कमधल्या पेशंटांच्या नोंदी तपासून 2012 मध्ये आलेल्या अभ्यासात, ते घेतलेल्यांमध्ये जोड गळण्याचं, म्हणजे जोडातून आतड्यातलं पोटात झिरपण्याचं, प्रमाण जास्त दिसलं. सगळे सर्जन याबाबत एकमताचे नाहीत, काही जण त्या गटातली औषधं थोडे दिवस देतात. पण तो निर्णय त्यांचा, आपला नाही. आपल्याकडे खरी गोम अशी, की मेडिकलमधून पॅरासिटामॉल म्हणून आणलेल्या पट्टीत पुष्कळदा डायक्लोफिनॅकच्याच गटातलं ॲसिक्लोफिनॅकही असतं. पट्टी उलटी करा, नावाखालची बारीक अक्षरं वाचा. दोन औषधांची नावं दिसली तर विचारल्याशिवाय देऊ नका.

ट्रामाडॉल, मॉर्फिन दुखणं थांबवतात, पण आतडं सुस्त करतात. पोट फुगतं, वारा सरत नाही. यावर अमेरिकेत 2008 पासून अल्विमोपॅन नावाचं औषध आहे. दुखणं थांबवण्याचा गुण तसाच ठेवून ते आतड्यावरचा परिणाम तेवढा अडवतं. ते फक्त दवाखान्यातच आणि जास्तीत जास्त 15 डोस देतात. त्याने आतडं लवकर हलायला लागतं, जोड लवकर भरत नाही. आमच्या वॉर्डात मी ते पाहिलेलं नाही. आम्ही मॉर्फिन कमीत कमी ठेवतो, सर्जनने होकार दिला की थोडं थोडं खायला देतो आणि चालवतो. एका हातात सलाईनचा स्टँड, दुसऱ्या हातात लघवीची पिशवी, असे मामा दारापर्यंत गेले तरी मला बरं वाटतं.

घरी गेल्यावर शी झाली नाही म्हणून एनिमा, गुदद्वारातली गोळी किंवा एरंडेल द्यायचं नाही. जोड खाली असेल तर एनिमाची नळी तिथेच लागू शकते. लॅक्टुलोजसारखं सौम्य औषध चालेल का, ते सर्जनला विचारा. पातळ होत असेल तरी जुलाब थांबवणारं लोपरामाइड आपल्या मनाने नको. पोटावर टोचायचं हेपारिन जातीचं इंजेक्शन रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून असतं. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ते बऱ्याचदा 28 दिवस चालतं, मध्येच सोडू नका. खाण्यात किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं हवीत. नुसत्या पेजेवर ती भरत नाहीत. अंडी, पनीर, मऊ डाळ डॉक्टर सांगतील तशी वाढवा.

पहिले तीन-चार दिवस जोड सगळ्यात नाजूक असतो आणि गळती बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास कळते, कधी घरी गेल्यावरही. पॅरासिटामॉल चालू असताना ताप झाकला जातो, म्हणून नाडीही मोजा. बसल्या जागी नाडी शंभराच्या वर राहिली, पोटदुखी कमी व्हायची तर वाढत चालली, पोट टणक झालं, उलट्या किंवा थंडी वाजून ताप आला, तर आणखी एक गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी दवाखान्यात निघा आणि वाटेतून फोन करून सांगा: ऑपरेशनची तारीख, ताप, नाडी, शेवटचा वारा कधी सरला आणि दिवसभरात कोणकोणत्या गोळ्या पोटात गेल्या.